नावेतली वाकडी खिडकी

नावेला खिडक्या असतात, हे आमच्या गावात तोवर कुणी ऐकलंही नव्हतं. नाव म्हणजे नाव. तिच्यात बसायचं, वरून पाऊस आला तर भिजायचं, खालून पाणी आलं तर डब्याने उपसायचं, आणि पलीकडे उतरल्यावर लुगड्याचा काठ पिळायचा. पण घाटाचे ठेकेदार सदाशिवराव यांना त्या वर्षी हौस आली. आदल्या पावसाळ्यात पलीकडच्या पाटलांचा जावई नावेत भिजून तापाने फणफणला होता आणि त्याने चारचौघांत ठेकेदारांचा उद्धार केला होता. ते त्यांच्या मनाला फार लागलं. पुलगावला जुन्या लष्करी मालाच्या लिलावात त्यांनी एक भलीमोठी ताडपत्री उचलली, बैलगाडीत टाकली आणि गाडी थेट आमच्या दारात आणून उभी केली.

"प्रेमदास," ते गाडीवरूनच म्हणाले, "याची खोली शीव. डोंग्यावर बसवाची हाये. खिडक्यावाली पाह्यजे."

प्रेमदास माझा धाकटा भाऊ. गावात शिंपीकाम करणारे आणखी होते, पण जाड कापडाला हात लावायची हिंमत त्याच्याखेरीज कुणाची नव्हती. उमेदीची काही वर्षं त्याने पुलगावला तंबू शिवण्यात घालवली होती. मग पाठीवर मशीन घेऊन घरी आला आणि ओसरीवर दुकान मांडलं. मी यशोदा, त्याची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाकडेच राहते. काज-बटण मी करते. शाळेत चौथीपर्यंत गेलेली आहे आणि तोंड माझं सातवीपर्यंत गेलेलं आहे, असं प्रेमदास म्हणतो.

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, ताडपत्री चिमटीत धरून पाहिली आणि लगेच हो म्हणाला. एरवी तो सदऱ्याच्या मापालाही दोन दिवस घोळ घालतो. मला नवल वाटलं. पण त्याने हो म्हणताना घराच्या दाराकडे पाहिलं आणि मला सगळं समजलं. दारात सुलोचना उभी होती.

सुलोचना आमची भावजय. तिचं माहेर नदीपल्याडची टाकळी. आमच्या घाटावर उभं राहिलं तर तिच्या माहेरचा पिंपळ दिसतो, इतकं जवळ. उन्हाळ्यात नदी आटली की ती लुगडं गुडघ्यापर्यंत धरून तुरुतुरु पलीकडे जायची, कधी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पण आषाढ लागला, नदी भरली, की तिचं माहेर बंद. नावेत ती पाय ठेवत नसे. धाकटीच्या वेळी दिवस भादव्यात भरले, तर बाळंतपण मीच केलं, पलीकडे तिची आई नुसती काठावर येऊन उभी राहायची. पुलगावहून आगगाडीने पलीकडे जाता येतं म्हणा, पण उतरल्यावर पुढे सगळी काळी माती. पावसाळ्यात तिथं बैलगाडीही आसापर्यंत रुतते.

आणि त्या आषाढात तिच्या आईने, भागीरथाबाईने, अंथरूण धरलं होतं. नाव चालवणारा चिंधू पलीकडचा निरोप घेऊन आला होता.

"तुया मायनं खानं सोडलं, वयनी. म्हने, पोरीले एकदा पाठवून दे."

निरोप ऐकला त्याच दिवशी सुलोचना माझ्याबरोबर घाटावर आली. गाठोडं बांधून आली. नाव काठाला लागली, लोक चढले, तिने फळीवर एक पाय ठेवला. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला होता. लुगड्याआडून तिचं अंग मला कापताना कळत होतं. मग तिने पाय काढून घेतला, गाठोडं पोटाशी धरलं आणि घराकडे चालू लागली. नाव सुटली. त्या रात्री ती जेवली नाही. मीही तिला जेव म्हटलं नाही, कारण तिकडे तिची आई जेवत नव्हती.

या भीतीची कथा घरात सगळ्यांना पाठ होती. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात प्रेमदास तिला माहेराहून आणायला गेला होता. येताना नदी फुगलेली. भर धारेत वाहून आलेलं एक झाड नावेला लागलं, नाव गर्रकन फिरली, बायका रडायला लागल्या, एक म्हातारा बुडालो बुडालो म्हणून ओरडला. कुणाला काही झालं नाही. चिंधूच्या बापाने नाव सावरून काठाला लावली. पण नव्या नवरीने पूर पाहून धसका घेतला तो घेतलाच. प्रेमदास ही कथा सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगायचा, की पाऊस लागला तेव्हा त्याने आपलं घोंगडं स्वतःच्या अंगावर न घेता तिच्यावर पांघरलं होतं. "मी पूर्ण भिजलो, पन इले थेंब लागू देला नाई." सात वर्षं आम्ही त्याचं कौतुक ऐकत होतो.

तर आता त्याच्या मनात असं आलं, की ही खोली नीट शिवली, आत बसल्यावर पाणी दिसलंच नाही, तर सुलोचना भिणार कशाला? ठेकेदाराचं काम होईल आणि बायकोचं माहेर उघडेल. मला त्याने हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं.

मग खिडक्यांचा घोळ सुरू झाला.

ताडपत्री अंगणात पसरली आणि गावाला करमणूक मिळाली. जो येईल तो खडू मागे. सदाशिवरावांनी त्याच लिलावातून जीपगाडीच्या पडद्याचे तुकडे आणले होते. त्यांत कचकड्याचे चौकोन शिवलेले होते, आरपार दिसणारे, जुने होऊन पिवळे पडलेले. "हे लाव," ते म्हणाले. "पानी येत नाई, हवा येत नाई, अन् सारं दिसते. साहेब लोकाईच्या गाडीसारखं." प्रेमदासने तो तुकडा डोळ्यांशी धरला. मीही पाहिलं. आमचं अंगण त्यातून कावीळ झाल्यासारखं दिसत होतं, पण दिसत होतं हे खरं. प्रेमदासने तुकडा गुंडाळून ठेवला. "टाका निंगन त्याचा, मालक," म्हणाला. टाका निघणार नव्हता, हे मला माहीत होतं.

चिंधूचं म्हणणं पडलं, की खिडकी म्हणजे नुसता गुंडाळायचा पडदा ठेव. पाऊस आला की सोडला, गेला की वर बांधला. त्याला वारा मोकळा पाहिजे होता, नाहीतर नाव वाऱ्याने भलतीकडे जाते. "डोंगा हाये हा, मास्तर. घर नाई." प्रेमदासला तेही नको. वर बांधला की पाणी दिसणार.

किराणा दुकानवाल्यांच्या प्रमिलाबाई आल्या. त्यांची लेक पलीकडे दिलेली, त्यामुळे त्यांचं नावेत सारखं जाणं-येणं. त्यांना खिडकीला चिक हवी होती, म्हणजे आपण बाहेर पाहावं पण काठावरच्या माणसांना आपण दिसू नये. हे झालं एक. दुसरं त्या जरा इकडेतिकडे पाहत म्हणाल्या. आत मधोमध एक पडदा टाकला तर बरं. म्हणजे तुमची मंडळी तिकडे, आमची इकडे.

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून आमच्या वस्तीतले लोक नावेच्या शेपटाकडे बसायचे बंद झाले होते. जिथं जागा दिसेल तिथं बसायचे. काही जणांना ते अजून पचत नव्हतं.

प्रेमदास तोंडात दोरा धरून बसला होता. दोरा काढला आणि म्हणाला, "ताडपत्री पुरत नाई, बाई."

"एवढी मोठी तं हाये!"

"तरी नाई पुरत."

मी खाली मान घालून बटण लावत होते, म्हणून माझं हसू कुणाला दिसलं नाही.

पण प्रमिलाबाई जाता जाता तिसरी गोष्ट बोलल्या आणि ती मात्र खरी अडचणीची होती. नदी ओलांडताना बायका मधल्या धारेत पैसा टाकतात. गंगामायला पैसा दिल्याशिवाय आमच्या भागात कुणी सून पलीकडे नेत नाही, कुणी बाळ आणत नाही. प्रेमदासच्या मनात होती तशी खिडकी उंच ठेवली, वर जाळी ठोकली, तर पैसा टाकायचा कुठून? बाया बसतात खाली, नावेच्या तळाशी. उभं राहिलं की नाव डुलते.

प्रेमदासचं तोंड आंबट झालं. "आमी ते सोडलं," म्हणाला.

"तुमी सोडलं. नदीनं थोडीच सोडलं?" प्रमिलाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

सदाशिवरावांच्या कानावर हे गेलं, तसे ते धावत आले. बायका बसल्या नाहीत तर नाव काय वाळू वाहायला ठेवायची? शेवटी प्रेमदासने कुरकुरत एका अंगाला खाली, बसलेल्या बाईच्या कोपराच्या उंचीवर, एक फट ठेवली. हात मनगटापर्यंत जाईल एवढी, आणि वरून झाकायला एक चिंधी. त्याला आम्ही घरात पैशाचं भोक म्हणत असू.

बाकीच्या खिडक्यांचं माप त्याने माझ्यावर घेतलं. मला घरात सगळे बाई म्हणतात.

"बाई, खाली बस. नावेत बसते तशी."

मी अंगणात मांडी घातली. त्याने ताडपत्रीचा एक तुकडा मधे चौकोन कापून माझ्यासमोर धरला.

"काय दिसते?"

"तुह्या पायाचे बोटं. नखं काप."

त्याने तुकडा वर घेतला. "आता?"

"आंगन दिसते. कोंबडी दिसते."

आणखी वर घेतला. "आता?"

"आभाय. अन् छपराचं टोक."

"बस!" तो म्हणाला आणि तिथंच खडूची रेघ मारली.

"थे खिडकी कायची?" मी म्हटलं. "थे तं धुराडं झालं."

"हवेसाठी हाये थे. पाह्याले नाई."

सुलोचना चुलीपुढून हे सगळं ऐकत होती. राखेचे हात पुसत बाहेर आली आणि ताडपत्रीला हात लावून पाहिला. तिने एवढंच विचारलं, "अन् दार?"

"दाराले दोऱ्या लावतो. आतून पक्कं बांधून घेऊ. एक थेंब दिसनार नाई तुले पान्याचा." तो अगदी प्रेमाने बोलला.

ती आत गेली. गावातल्या झाडून सगळ्यांना त्याने विचारलं होतं, खिडकी कशी पाहिजे, कुठे पाहिजे. जिच्यासाठी चाललं होतं तिला तेवढं विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मी तरी कुठे विचारलं? मीही आभाळ दिसते म्हणून सांगून मोकळी झाले होते.

नाव मोजायला गेलो त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. छपराच्या बैलगाडीला, दमणीला, असतात तशा बांबूच्या कमानी चिंधूने नावेवर बांधल्या होत्या. प्रेमदासने नावेत चढून माप घ्यायचं सोडून काठावर बैठक मारली, तीही नदीकडे पाठ करून. फीत चिंधूच्या हातात दिली आणि आकडे ओरडून सांग म्हणाला.

"मास्तर, नदीकडं पाठ काऊन?"

"ऊन लागते डोयात."

"आज तं ढग हाये."

प्रेमदासने त्याला पुढचा आकडा विचारला. लहानपणी सगळी पोरं नदीत डुंबायची तेव्हा हा काठावर कपडे सांभाळत बसायचा. आईने मारलं तरी पाण्यात उतरला नाही. मोठेपणी पलीकडे जायची वेळ आली तर डोळे मिटून बसायचा आणि झोप येते म्हणून सांगायचा. मला ठाऊक होतं. पण भावाची झाकली मूठ बहिणीने उघडू नये, म्हणून मी आजवर गप्प होते.

खोली बसली. खरं सांगते, देखणी झाली होती. दाभणाने घातलेले एकसारखे टाके, मेण लावलेला दोरा, कोपऱ्यांना दुहेरी पट्टी. वरच्या बाजूला जाळीच्या दोन ओळी. सदाशिवराव छत्री घेऊन पुढे उभे राहिले आणि जसा काही आगबोटीचा कप्तान, तसा त्यांनी चिंधूला हुकूम सोडला. पहिल्या खेपेलाच नाव भरली.

सुलोचना गाठोडं घेऊन आली होती. दोन्ही लेकरं शेजारणीकडे ठेवली होती. प्रेमदासने तिचा हात धरून तिला फळीवरून आत आणलं, आणि ती आली. मी सुटकेचा श्वास टाकला. ती खाली बसली, मी तिच्या उजवीकडे, पलीकडे प्रमिलाबाई मुठीत पैसा धरून. पुरुष पुढच्या बाकावर. प्रेमदास मात्र बाकावर न बसता आमच्यापुढे खाली बसला. आम्ही आत आल्यावर त्याने दाराच्या दोऱ्या एकेक करून ओढल्या आणि गाठी मारल्या.

"पाह्य," तो म्हणाला. "दिसते काई?"

काही दिसत नव्हतं. ताडपत्रीला तेलाचा आणि ओलसर मातीचा वास होता. वर जाळीतून आभाळाचे तुकडे दिसत होते, राखाडी. नाव सुटली तशी सुलोचनाने माझा हात धरला. आधी नुसता धरला. मग तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतायला लागल्या.

धारेशी आलो तेव्हा नाव जराशी कलली. ती नेहमीच कलते. बाहेरून चिंधू ओरडला, "सांभाया हो, धार आली!" तो नेहमीच ओरडतो. पण ताडपत्रीच्या आत तो आवाज कुठून आला, किती लांबून आला, काही कळत नव्हतं. पाणी खालच्या फळ्यांवर थपथप आपटत होतं.

"काय झालं?" सुलोचना म्हणाली. "कोन ओरडलं?"

"काई नाई झालं."

"नाव काऊन फिरली?"

"काई नाई म्हनतो ना." प्रेमदास तिच्याकडे सरकला, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि तिला खाली दाबून धरलं. "बसून राह्य. पानी दिसत नाई ना? मंग भेव कायचं?"

तिने त्याचे हात झटकले. इतक्या जोरात, की तो मागे कलंडला. सात वर्षांत मी तिला नवऱ्यापुढे आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"दिसत नाई म्हून तं भेव!" ती ओरडली. "त्या दिवशीबी असंच दाबून धरलं होतं तुमी. घोंगड्यात. मले काईच नाई दिसलं. नुसतं आयकू आलं. बाया रडून राह्यल्या होत्या, कोनी बुडालो म्हने. मी उठाले गेली तं तुमी वरून दाबलं. मले वाटलं सारे गेले पान्यात, अन् मी एकटीच राह्यली घोंगड्याच्या आत. एकानंबी नाई सांगतलं का झाड लागलं म्हून. झाड होतं हे मले घरी आल्यावर समजलं, तुमी बाईले सांगत होते तवा!"

नावेत सगळे तिच्याकडे वळले. बाकावरचे पुरुषसुद्धा.

"मंग... सांगतलं काऊन नाई?" प्रेमदास म्हणाला.

"कोनं विचारलं?"

एवढं बोलून ती ताडपत्री चाचपायला लागली. आंधळी बाई भिंत चाचपते तशी. वर, खाली, टाक्यांवरून. तिच्या हाताला ती चिंधी लागली, पैशाचं भोक. तिने चिंधी बाजूला केली आणि हात बाहेर घातला. नाव भरलेली होती, पाणी नावेच्या कडेला आलेलं होतं. तिचा हात पाण्याला लागला असणार, कारण ती एकदम थांबली.

"पानी हाये," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "थंड हाये."

माझा भाऊ खडूची रेघ मारल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. लंगोट कापायचा असला तरी आधी रेघ मारतो, तिच्याकडे मान वाकडी करून पाहतो, मग कापतो. त्या दिवशी त्याने दोरे छाटायला आणलेली मोठी कात्री खिशातून काढली, एक पातं त्या भोकात घातलं आणि वर कापत गेला. जाड कापड, कात्री कराकरा वाजत होती. रेघ नव्हती, त्यामुळे काप वाकडातिकडा चालला होता. उजवीकडे वळला, पुन्हा खाली आला आणि फिरून भोकाला येऊन मिळाला.

सदाशिवराव पुढून वाकून पाहायला आले. "अबे! काय करून राह्यला! माही ताडपत्री!"

"कापू द्या ना वो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मलेबी दिसून राह्यलं आता."

कापडाचा तुकडा नदीत पडला आणि आत उजेड आला. सुलोचनाने त्या भगदाडाला तोंड लावलं. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. गढूळ पाणी होतं, फेस होता, तुऱ्हाट्या आणि पालापाचोळा वाहत होता. नदी मोठी होती, धारेत जोर होता, तो खोटा कसा म्हणू? पण तिला दोन काठ होते आणि ते दोन्ही जागच्या जागी होते.

सुलोचना बराच वेळ पाहत राहिली. तिचं अंग कापायचं थांबलं नव्हतं, पण तोंड तिने मागे घेतलं नाही.

"एवढंच होतं व्हय?" ती म्हणाली. "सात वर्सं मी याले भेली?"

ती हसतमुखाने नवऱ्याकडे वळली, त्याला सांगायला. आणि तिने पाहिलं. प्रेमदास त्या खिडकीकडे पाठ करून बसला होता. डोळे घट्ट मिटलेले, दात आवळलेले, कात्री मुठीत. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. उजेड आला तसं पाणी त्याच्याही डोळ्यांपुढे आलं होतं.

तिचं हसू गेलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. आता मूठ झाकून ठेवण्यात काही राम नव्हता. खिडक्या इतक्या वर कुणाच्या डोळ्यांसाठी ठेवल्या होत्या आणि सात वर्षांपूर्वी ते घोंगडं कुणी कशासाठी इतकं दाबून धरलं होतं, हे मलाही तेव्हाच पुरतं उमगलं. मला भावाचा राग आला आणि त्याची दयाही आली. दोन्ही एकदम.

तिला राग यायला हवा होता. तिचा हक्कच होता. पण तिने काय केलं, तर त्याच्या मुठीतली कात्री हळूच सोडवून माझ्याकडे दिली आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्याला वळवलं नाही, डोळे उघड म्हणाली नाही. स्वतः खिडकीकडे तोंड करून बसली आणि सांगू लागली.

"पाला वाहून राह्यला. आता एक लाकूड येऊन राह्यलं. लहान हाये... आपल्याले लागत नाई. गेलं. चिंधूभाऊ बांबू टाकून राह्यला. नाव कलते आता, थोडीशी. कलली. झाली सरळ. धार संपली. पानी इथं गुयगुयीत हाये. काठावर दोन म्हशी हायेत. आमचा पिंपय दिसून राह्यला."

एकेका शब्दाबरोबर भावाचे खांदे खाली येत होते. पिंपळ म्हटल्यावर त्याने डोळे उघडले. वळून त्या भगदाडातून पाहिलं, एकदाच, पटकन, आणि पुन्हा पायांकडे पाहू लागला. पण पाहिलं.

मधल्या धारेत पैसा टाकायचा राहिलाच. प्रमिलाबाईंनी तो काठाजवळ टाकला, गंगामाय समजून घेईल म्हणाल्या.

पुढे सदाशिवराव बरेच दिवस धुसफुसले. मग प्रेमदासने त्यांना सगळ्या खिडक्या खाली घेऊन दिल्या, बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर येतील अशा, आणि चिंधूच्या मनासारखे गुंडाळायचे पडदे लावले. त्या एका भगदाडाच्या कडा त्याने दुमडून शिवल्या, पण ती खिडकी सरळ केली नाही. वाकडी ती वाकडीच राहिली. पडदा तिला नीट बसत नसे, पाऊस आत यायचा, तरी नाव लागली की बाया तीच जागा धरायला धावायच्या. त्या धावपळीत कोण कुणाशेजारी बसलं, हे पाहायला कुणाला सवड नसायची.

त्या दिवशी टाकळीच्या काठावर उतरलो तेव्हा सुलोचना आमच्या पुढे पळत गेली. घरात शिरलो तर ती आईच्या उशाशी बसली होती. भागीरथाबाई वाळून काडी झाल्या होत्या. लेकीच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, खरीच आहे का म्हणून.

"भरल्या नदीतून आली वं माय?" त्या म्हणाल्या. "तुले तं लय भेव वाटे. डोये झाकून आली असशीन."

प्रेमदास दारात उभा होता. त्याने मान खाली घातली.

"नाई माय," सुलोचना म्हणाली. "आमी पाह्यत पाह्यत आलो."